यादवींतील छावणीची बोली

नाना फडणीस इ. स. १८०० च्या मार्च महिन्यांत वारले आणि १८०२ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस वसईचा तह झाला. ह्या पावणेतीन वर्षांत शिंदे, होळकर व पेशवे ह्यांनीं एकमेकांवर जीं शस्त्रें उचललीं, त्यांचा वृत्तांत छापील साधनांतून आतां पुष्कळ उपलब्ध आहे. वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं पटवर्धनी दप्तरांतून काढलेला ऐतिहासिक लेखसंग्रह आणि सरदेसायांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान ४५ भागांत छापलेले पेशवे दप्तरांतील निवडक कागद चाळले, तर त्या काळचे सरदार कोणत्या पेचांत होते आणि पैशाची ओढ कशी होती, हें स्पष्ट दिसतें. परंतु ज्यांनीं हें युद्ध प्रत्यक्ष केलें ते शिलेदार, बारगीर, तिलंगे, पेंढारी व त्यांच्यामागून चालणारे बाजारबुणगे आपसांत काय बोलत, हें ह्या पत्रांतून क्वचितच ऐकूं येतें. पत्र कारकुनाचें, मजकूर वकिलाचा, शिक्का सरदाराचा. शिपाई तेथें केवळ संख्येच्या रूपानें येतो. त्याच्या बोलीचे जे तुकडे इतस्ततः विखुरलेले आहेत, ते एके ठिकाणीं मांडून त्यांवरून काय निष्पन्न होतें हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

प्रथम ‘यादवी’ ह्या शब्दाविषयींच. हा शब्द पुराणिकाचा आहे. मौसलपर्वांत प्रभासक्षेत्रीं मद्यधुंद यादवांनीं एरका नांवाचें गवत उपटून एकमेकांस मारिलें, त्या कथेवरून तो आला. छावणींतील माणसाच्या तोंडीं तो असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचे शब्द निराळे: धामधूम, गर्दी, दंगा, बखेडा. ह्यांपैकीं एकाही शब्दांत शत्रु नाहीं. गोंगाट आहे, धूळ आहे, खटला आहे. पण लढाई कोणाशीं ह्याचा पत्ता नाहीं. ही गोष्ट पुढील विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

युद्धाची रूपरेषा सर्वांस ठाऊक असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. १८०१ च्या एप्रिलांत विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं बांधून मारण्यांत आलें. त्याच वर्षीं जुलैंत यशवंतराव होळकरानें उज्जनीस शिंद्यांच्या पलटणी मोडल्या आणि ऑक्टोबरांत शिंद्यांकडील सर्जेराव घाटग्यानें इंदुरास होळकराचा मोड केला. पुढील वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं, ऐन दिवाळींत, हडपसरच्या माळावर होळकराच्या फौजेनें शिंदे व पेशवे ह्यांच्या एकत्र फौजेस पुरतें बुडविलें. ह्या लढाईंत शिंद्यांकडील कप्तान डॉज पडला, तसाच होळकराकडील हार्डिंगही पडला. म्हणजे दोहींकडील कवायती पायदळावर फिरंगी अंमलदार होते, दोहींकडे तिलंगे होते, दोहींकडे पेंढारी होते आणि दोहींकडील घोडेस्वार एकाच देशांतील, एकाच भाषेचे, पुष्कळदां एकाच गोताचे होते. अशा दोन फौजांची बोली दोन असणें शक्य नव्हतें. ती एकच होती, आणि तिचा विषयही एकच होता.

तो विषय कोणता, हें सांगण्यापूर्वीं साधनांबद्दल दोन शब्द. मोल्सवर्थसाहेबानें कँडी बंधूंच्या साहाय्यानें व शास्त्रीमंडळींच्या मदतीनें केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ ची. कोशासाठीं शब्द गोळा होत होते तेव्हां हडपसरच्या माळावर उभा राहिलेला पंचविशींतला बारगीर पन्नाशीच्या घरांत होता. त्याचे शब्द जिवंत होते. आमच्या संशोधकांनीं मोल्सवर्थाकडे केवळ अर्थ पाहण्याचें पुस्तक म्हणून पाहिलें. तो एक ऐतिहासिक साधनाचा संग्रह आहे, ही दृष्टि कमी आढळते. त्याच्या जोडीस टॉमस ब्रॉटन ह्याचें पुस्तक घ्यावें. हा गृहस्थ १८०९ सालीं इंग्रज रेसिडेंटाच्या रखवालीच्या तुकडीचा अंमलदार म्हणून दौलतराव शिंद्यांच्या छावणींत होता, आणि तेथून त्यानें लिहिलेलीं पत्रें १८१३ त लंडनास छापलीं गेलीं. टोन नांवाच्या दुसऱ्या एका आयरिश शिपायानें पेशव्यांच्या नोकरींत असतां लिहिलेली माहिती ह्याच्या थोडी आधींची. राहिलेलें साधन म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडची भाषा. तिच्यांत छावणी अजून उठलेली नाहीं.

ह्या बोलीचा अर्धा भाग घोड्यानें व्यापिला आहे. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरीस राहणारा; बारगीर म्हणजे सरकारच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा; पथक न बाळगतां आपल्या एकट्या घोड्यासह येणारा तो एकांडा. आज ‘एकांडा शिलेदार’ म्हटलें म्हणजे कोणाच्या संगतीवांचून आपल्या मतानें चालणारा मानी पुरुष डोळ्यांपुढें येतो. छावणींत त्याचा अर्थ इतका उदात्त नव्हता. ज्याच्यामागें पथक नाहीं त्याची हजेरी शेवटीं आणि पगारही शेवटीं! शिलेदाराचें घोडें पडलें म्हणजे त्याचें भांडवल बुडालें, म्हणून तो घोडें राखून लढे. हें वर्म त्या काळच्या युरोपीय निरीक्षकांनींही हेरलें होतें. ‘घोडें’ ह्या शब्दाभोंवतीं मराठींत एवढे वाक्प्रचार कां जमले, ह्याचें कारण शौर्यांत शोधण्यापेक्षां ह्या हिशेबांत शोधावें हें बरें. घोडें पेंड खातें, घोडें पुढें दामटतां येतें, कोणीं कोणाचें घोडें मारिलेलें असतें, आणि परीक्षेची वेळ समीप आली कीं घोडामैदान जवळ येतें.

घोड्याच्या सामानानें तर आपल्या रोजच्या बोलण्यांत ठाणच मांडिलें आहे. खोगिरांत कोंबावयाचा काथ्याकूट ती खोगीरभरती. संख्या भरण्यासाठीं घेतलेल्या निरुपयोगी माणसांस वा वस्तूंस हा शब्द लावण्याची रीत मोल्सवर्थानें नोंदिली आहे. सरदारानें गणतीच्या दिवशीं दाखविलेले स्वार आणि मैदानांत उभे राहणारे स्वार ह्यांत काय अंतर असे, हें ज्यांनीं त्या काळच्या फौजांचे हिशेब पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको. हजेरी घेणाऱ्या कारकुनाच्या पाठीमागें उभ्या असलेल्या जुन्या बारगिराच्या तोंडून हा शब्द निघाला असावा, असें आम्हांस नेहमीं वाटतें. ‘गाशा गुंडाळणें’ हा दुसरा. गाशा हा मूळ अरबी शब्द. खोगिरावर घालावयाचें आच्छादन असा त्याचा अर्थ. आज दुकानदार गाशा गुंडाळतो, नाटकमंडळी गाशा गुंडाळते, आणि बोलणाऱ्यास आपण घोड्याच्या पाठीवरील वस्त्राविषयीं बोलत आहों ह्याची वार्ताही नसते. पायीं चालणाऱ्या बुणग्यास गाशा कोठला? त्यानें ‘चंबूगबाळें आटोपावें’, म्हणजे पाण्याचा चंबू व कपड्यालत्त्याचें गाठोडें उचलावें. एकाच पळापळीस घोडेस्वाराचा एक शब्द व पादचाऱ्याचा एक शब्द असे दोन शब्द भाषेनें जपून ठेविले आहेत. घोड्याच्या तोंडाला दाण्याची पिशवी बांधतात तो तोबरा. अधाशी माणूस तोंडांत तोबरा भरतो.

येथें एक आडकथा सांगण्याजोगी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखालीं राजव्यवहारकोश झाला व फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजण्यांत आले. मंत्र्यांच्या पदव्यांत त्याचा ठसा उमटला. परंतु पागेंत तो कोश शिरूं शकला नाहीं. खोगीर, लगाम, रिकीब, गाशा, तोबरा, नाल हे शब्द सव्वाशें वर्षांनंतरही तसेच होते व आज तर ते मराठीच झाले आहेत.

दुसरा मोठा विषय पगाराचा. रोजच्या खर्चापुरती रक्कम तो रोजमुरा. घोड्याच्या नालांच्या निमित्तानें शिलेदारास आगाऊ द्यावयाची ती नालबंदी. पगारास सामान्य शब्द तलब. ह्या शब्दांच्या आड जें दुःख आहे तें ब्रॉटनच्या पत्रांवरून कळतें. पगार चढत जाई आणि शिपाई सरदाराच्या तंबूपुढें धरणें धरीत. धरणें धरणारा जेवीत नसे आणि ज्याच्या दारीं धरणें पडलें त्यासही जेवूं देत नसे. शिंद्यांच्या छावणींतील ही गोष्ट १८०९ ची असली, तरी १७९८ पासून दौलतरावाच्या फौजेस पैसा पुरविण्यासाठीं सर्जेराव घाटग्यानें पुण्यांतील सावकारांचे जे हाल केले, त्यांचें मूळ ह्याच चढलेल्या पगारांत होतें. आज ‘धरणें’ हा राजकीय चळवळीचा शब्द झाला आहे; त्याच्या पोटीं शिपायाचा उपास आहे. ‘नालबंदी’ हा शब्द मात्र मेला. आगाऊ पैसे घेऊन ऐन वेळीं दुसऱ्याकडे चाकरी धरणारे शिलेदारही होतेच, आणि त्याबद्दल त्यांस मोठीशी शरम वाटत असल्याचें दिसत नाहीं.

पोटाच्या शब्दांकडे वळूं. गवत, लांकूड व दाणा आणण्यासाठीं छावणींतून जी टोळी बाहेर पडे तिला ‘कही’ म्हणत. सरकारी लेखांत घोड्यांच्या वैरणीसाठीं बसविलेली पट्टी ती ‘घासदाणा’. नांव किती निरुपद्रवी! ज्या गांवावर घासदाणा बसे, त्या गांवाचें बी-बियाणेंही उरत नसे. शिपायांची ही बोली अप्रिय गोष्टीस गरिबींतलें नांव देण्यांत पटाईत आहे, आणि सरकारी बोलीनें तीच युक्ति उचलली. ह्याची दुसरी बाजू गांवकऱ्यांनीं जतन केली. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणें’ हा वाक्प्रचार शिपायाचा नव्हे; वाटेवरच्या खेड्यांतील बायांचा आहे. भाजणाऱ्या बाईस मोबदला नाहीं, आणि खाणारा कोणत्या सरदाराचा हें विचारण्याची सोय नाहीं. शिंद्यांचा असो वा होळकरांचा, भाकरी तीच.

‘पांचांवर धारण बसणें’ ह्या प्रयोगाविषयीं पुष्कळ तर्क चालतात. धारण म्हणजे धान्याचा चालू भाव, हें निश्चित. रुपयास पांचच मापें धान्य मिळूं लागलें म्हणजे माणसाचें धैर्य खचतें, त्यावरून भीतीनें गाळण उडणें असा अर्थ आला, असें सांगतात. हें आम्हांस ग्राह्य वाटतें. होळकराच्या व पेंढाऱ्यांच्या धामधुमीनंतर पाऊसही चुकला आणि १८०३-०४ सालीं दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. त्या पिढीला भावाचा आकडा ऐकून कांपरें भरणें स्वाभाविक होतें. मात्र हा प्रयोग त्याच दुष्काळांतला, असें कोणी ठामपणें सांगूं लागल्यास त्यानें कागद दाखवावा. दुष्काळ त्यापूर्वींही पडले होते.

बुणगें हा शब्द लक्षांत घेण्यासारखा आहे. फौजेचें सामानसुमान, तंबू, बैल, बायकामुलें व बाजार मिळून बुणगें होतें. लढाऊ माणसांहून ह्यांची संख्या मोठी असे, व पानिपतापासून हडपसरापर्यंत प्रत्येक हालचालीच्या पायांत हेंच लोढणें होतें. ‘बाजारबुणगे’ ही पुढें शिवी झाली. आम्हांस ती अन्यायाची वाटते. छावणीचा बाजार नसता तर शिलेदार तीन दिवसही टिकता ना. ब्रॉटननें शिंद्यांच्या छावणीचें जें वर्णन केलें आहे, त्यांत बाजार हा तिचा कणा आहे.

कवायती पायदळाचे शब्द निराळ्या वाटेनें आले. ‘कंपू’ हा पोर्तुगीज ‘कांपो’ किंवा इंग्रजी ‘कँप’ ह्यांपासून निघाला असें यूल व बर्नेल ह्यांच्या १८८६ च्या कोशांत म्हटलें आहे. मराठी फौजांत युरोपीय अंमलदारांच्या हाताखालील पलटणींच्या जमावास तो विशेषेंकरून लावीत. ‘पलटण’ इंग्रजी ‘बटालियन’चा अपभ्रंश, त्यांत ‘प्लाटून’चीही भेसळ झालेली. ‘तिलंगे’ हें नांव इंग्रजांचे आरंभींचे शिपाई तेलंगणाकडून भरती झाल्यामुळें पडलें, आणि मग उत्तरेकडच्या रजपुतासही तिलंगा म्हणूं लागले. ‘गारदी’ ह्या शब्दाचें दैव मात्र फुटकें. इब्राहिमखान गारदी पानिपतावर निष्ठेनें लढून मारला गेला, तरी १७७३ च्या ऑगस्टांत नारायणराव पेशव्यांचा खून सुमेरसिंग व त्याच्या साथीदारांनीं केल्यापासून हा शब्द कलंकित झाला तो कायमचाच.

शब्दांच्या मुळाविषयीं सावधगिरी किती बाळगावी ह्याचें उत्तम उदाहरण ‘पेंढारी’ हें होय. सर जॉन मालकम ह्यानें मध्यहिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथांत (१८२३) हे लोक ‘पिंडा’ नांवाच्या मादक पेयाच्या दुकानीं जात म्हणून त्यांस हें नांव पडलें असें लिहिलें असून, खुद्द करीमखान पेंढाऱ्यानेंही दुसरें कारण ऐकलें नव्हतें असा दाखला दिला आहे. दुसरे कोणी पेंढ्याशीं संबंध जोडतात. करीमखान पेंढाऱ्यांचा म्होरक्या होता म्हणून त्याची व्युत्पत्ति खरी मानावी काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. माणूस ज्या नांवानें ओळखला जातो त्याचा इतिहास त्याला ठाऊक असतोच असें नाहीं. कोणा वृद्ध घरंदाजानें सांगितलें म्हणून शब्दाची कथा छापून टाकण्याची जी संवय आमच्यांत बळावली आहे, तिला आळा बसला पाहिजे. अशा कथा छापावयाच्याच तर त्या सांगणाराच्या माथीं ठेवाव्या. शब्दाच्या माथीं मारूं नयेत.

आतां पळण्याचे व मरण्याचे शब्द. पळण्याचे पुष्कळ आहेत: सुंबाल्या करणें, धूम ठोकणें, काढता पाय घेणें, पोबारा करणें. शेवटला तर सोंगट्यांच्या पटावरचा. पौबारा हें फांशांचें दान. छावणींत जुगार किती चाले हें निराळें सांगावयास नको; पण उत्तम दान पडणें आणि जीव घेऊन पळणें ह्यांस एकच शब्द लागावा, ह्यांत शिपायाचा जो विनोद आहे तो कोणत्याही बखरकारास साधला नाहीं. भित्र्या शिपायास ‘शेंदाडशिपाई’ म्हणत. शेंदाड हें मऊ, बिनकामाचें फळ. दारू ओली झाली म्हणजे ‘फुसका बार’. दोन टोळ्यांची धांवती गांठ पडली कीं ‘चकमक झडली’: गारगोटीवर पोलाद आपटावें, ठिणगी उडावी, आणि झालें.

मरणाचे शब्द थोडे व फार सौम्य आहेत. माणूस ‘कामास येतो’, ‘पडतो’, ‘गर्दीस मिळतो’. मोजदादींत मात्र त्याला ‘जाया’ म्हणतात, म्हणजे फुकट गेलेला. जिवंत सांपडला तर तो ‘पाडाव’ होतो. तोफा, उंट व घोडीं ज्या शब्दानें पाडाव होतात त्याच शब्दानें.

एवढे शब्द मांडल्यावर जी उणीव दिसते तिच्याकडे लक्ष वेधावयाचें आहे. परक्याशीं युद्ध असतां मराठी शिपायाजवळ शत्रूसाठीं शब्दांची वाण नव्हती. अबदालीचे लोक गिलचे, इंग्रज टोपीकर, सामान्य शत्रु गनीम. पण ह्या यादवींत समोरच्या फौजेसाठीं छावणीनें एकही खास शब्द घडविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. शिंदे, होळकर, ‘तिकडील लोक’, एवढ्यावरच भागलें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीशीं ह्याची तुलना करण्याजोगी आहे. तेथें उत्तरेच्या शिपायांनीं दक्षिणेकडच्यांस ‘जॉनी रेब’ व दक्षिणेच्यांनीं उत्तरेकडच्यांस ‘यँक’ अशीं नांवें ठेविलीं. दोन्ही बाजूंस कांहीं एक मत होतें, त्यासाठीं ते लढत होते. आमच्या शिपायास मत विचारलेंच नव्हतें. ‘शिंदेशाही’ व ‘होळकरशाही’ हीं विशेषणें होतीं खरीं. पेंढाऱ्यांचे दोन वर्ग ह्याच नांवांनीं ओळखले जात. पण ‘शिंदेशाही’ हें विशेषण पगडीस व हातांतल्या तोड्यासही लागतें. त्यांत वैर नाहीं, नुसती घडण आहे. ज्याची पगडी आज एका तऱ्हेची, त्याची उद्यां तलब मिळाल्यास दुसऱ्या तऱ्हेची. दरबारी पत्रांत ह्या काळीं जो द्वेष भरला आहे, तो वाचून खालच्या फौजांतही तोच द्वेष होता असें आम्ही मानीत आलों. शिपायाच्या बोलींत त्याचा मागमूस सांपडत नाहीं. तेथें घोडें आहे, भाकरी आहे, चढलेला पगार आहे आणि पळावयाची वाट आहे.

हें मत आम्ही वाक्प्रचारांच्या बळावर मांडीत आहों व तें तेवढ्यानें सिद्ध झालें असें आमचें म्हणणें नाहीं. कागद पाहिजेत, आणि अडचण येथेंच आहे. संग्राहकांचा ओढा शिक्क्याच्या पत्रांकडे. आम्ही एका जुन्या पथक्याच्या घराण्यांत गेलों असतां पेशव्यांचीं दोन कौलपत्रें रेशमी रुमालांत बांधलेलीं पाहिलीं. पागेचे हिशेब कोठें आहेत म्हणून विचारलें, तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं हंसून सांगितलें कीं ते दोन पोतीं भरून होते आणि पुड्या बांधावयास वाण्याकडे गेले. बारगिरांच्या हजेऱ्या, रोजमुऱ्याच्या याद्या, छावणीच्या बाजारांतील उधारीचीं बाडें, जाया झालेल्या घोड्यांचे तपशील ह्यांत शिपाई स्वतः नाहीं तरी त्याच्याशेजारीं बसलेला कारकून बोलतो, व घाईंत त्याचेच शब्द लिहून जातो.

जे कागद उरले ते वाचणारासही बोली ठाऊक असणें अवश्य आहे. मोडी लिहिणारा ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहीं, शब्द तोडीत नाहीं, आणि लेखणी न उचलतां ओळ पुरी करतो. अशा ओळींत ‘कहीस गेले’ हें ‘कांहीं गेले’ असें वाचलें जाण्यास वेळ लागत नाहीं, आणि मग रोज गवतास जाणाऱ्या टोळीच्या जागीं फौजेंतून फुटून गेलेले लोक उभे राहतात. एका अक्षराच्या काना-अनुस्वारावर एक फितुरी निर्माण होते!

ज्या सभासदांच्या संग्रहीं १८०० ते १८०४ ह्या सालांतील पागेचे, पथकाचे किंवा छावणीच्या बाजाराचे हिशेब असतील, त्यांनीं ते फाटके आहेत म्हणून दूर न ठेवतां त्यांतील ज्या शब्दांचा अर्थ लागत नाहीं त्यांची नक्कल मागच्यापुढच्या ओळींसह मंडळाकडे धाडावी. नुसता सुटा शब्द पाठवूं नये. त्यापुढील आकडा, तारीख व मुक्कामाचें गांवही उतरून घ्यावें. ‘कही’, ‘जाया’ व ‘पाडाव’ हे तीन शब्द त्या सालांतील हिशेबांत कोणत्या अर्थानें येतात, हें आम्हांस प्रथम पाहावयाचें आहे.